माठातल्या फ्लॉपी

जळगावच्या मे महिन्यात मी बॅकअपच्या फ्लॉपी थंड राहाव्यात म्हणून पाण्याच्या माठावर ठेवल्या.

हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर पुढं मी अक्कांबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगेन आणि तुम्हाला वाटेल, माणूस मोठा समंजस दिसतो. तसा गैरसमज नको. ज्यानं फ्लॉपी माठावर ठेवल्या, तोच तुमच्याशी बोलतो आहे.

आता अक्का. "आधी पाणी. मग काय ते," असं म्हणून त्या उजव्या हाताच्या बोटानं कोपरा दाखवायच्या. कोपऱ्यात तिवईवर माठ, माठावर ओलं फडकं, फडक्यावर पितळेची ताटली, ताटलीत ओगराळं आणि पेला. पाणी त्या आणून देत नसत. "आपल्या हातानं घ्या," हे ठरलेलं. सरकारी कचेरीतला साहेब असो की गॅसची टाकी आणणारा, उठायचं, झाकण काढायचं, आपलं पाणी आपण घ्यायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा आळस वाटला. चांगल्या हिंडत्याफिरत्या बाई, पेलाभर पाणी द्यायला काय होतं? पुढं एकदा मी तसं विचारलंही. अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी आम्हाला पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. निम्मं कोपरावरून जातं बघ. तहान तेवढीच राहते, वर बाही ओली." मग एक खडा काढून बाजूला टाकला. "माझ्या घरच्या माठाला सगळ्यांचा हात लागला पाहिजे. बस."

त्या पहिल्या दिवशी त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत होत्या, हे मला नंतर समजलं. मी रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचं घर बौद्ध वस्तीतलं. मी पाणी घेतो की "आत्ताच चहा झाला" म्हणतो, हे त्यांना पाहायचं होतं. मी तीन पेले प्यालो. त्यात पुरोगामीपणा काही नव्हता. मी भर दुपारी सायकलवर मॉनिटर बांधून आलो होतो.

अक्का नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमानही शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते बरीच वर्षं आधी गेले. निवृत्तीनंतर अक्कांनी समाजाच्या मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र आपल्या अंगावर घेतलं. वर्षातून एकदा जळगावात मेळावा भरायचा. जळगाव, धुळे, मुक्ताईनगर, पार तिकडून साक्री-शिरपूरकडून लोक यायचे, आणि मेळाव्यात परिचय पुस्तिका वाटली जायची. आदल्या वर्षी पुस्तिकेत छपाईवाल्यानं फोटोंची अदलाबदल केली होती. एका प्राध्यापकाच्या नावावर एका ट्रकड्रायव्हरचा फोटो गेला. ड्रायव्हरला भराभर स्थळं आली, प्राध्यापक अजून रागावलेले होते.

तेव्हापासून मंडळाचे अध्यक्ष म्हणत होते, हे काम बाईमाणसाला झेपणारं नाही, कार्यालयात आणू. अक्कांनी भांडून कॉम्प्युटर मंजूर करून घेतला. अध्यक्षांनी अट घातली, यंदा पुस्तिका वेळेवर निघाली नाही तर यंत्रही कार्यालयात आणि कामही. अक्का "बरं" म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये किती जीव अडकला होता ते मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त एवढं कळलं की आमच्या दुकानाला एक गिऱ्हाईक मिळालं. आमच्या दुकानाचा इंजिनिअर म्हणजे मी. नाशिकला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि खिशात कार्ड छापलेलं होतं.

इंजिनिअर म्हणून मी अक्कांना पहिला सल्ला दिला तो असा: "अक्का, आता हे कागद सांभाळायची गरज नाही. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

मुला-मुलींचे फॉर्म त्या एकेक करून स्वतः टाइप करायच्या. दोन बोटांनी, पण शाळेत फळ्यावर लिहायच्या तसं ठाम. सगळे झाले तेव्हा माझा सल्ला मानून त्यांनी फॉर्मचा गठ्ठा रद्दीत दिला. फोटो तेवढे पाकिटात ठेवले, मागं नाव-गाव लिहून. रद्दीवाल्यानं गठ्ठा भेळवाल्याला विकला. पुढं काही दिवस स्टेशनाकडच्या रस्त्यावर भेळीच्या पुड्यांतून आमचे वधू-वर हिंडत होते. 'मुलगा निर्व्यसनी' ही अक्षरं मी चिंचेच्या पाण्याखाली स्वतः वाचली आहेत.

मग डिस्क आजारी पडली.

तेव्हाच्या हार्ड डिस्क आवाज करायच्या, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. ही चारशे वीस एमबीची. हा आकडा ऐकून अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नावातच सांगितलंय, विश्वास ठेवू नका म्हणून." ती आतून टक, टक करायला लागली. अधूनमधून फाइल उघडेना. मी कान लावला.

"पाल चुकचुकल्यासारखं करतेय," अक्का म्हणाल्या.

"तपासावी लागेल."

मी तपासणी लावली. पडद्यावर बारीक चौकोन भरत जातात आणि जिथं डिस्क खराब असेल तिथं 'बी' हे अक्षर उमटतं. अक्का शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. पहिला बी आला. थोड्या वेळानं आणखी दोन. मग एका ठिकाणी बरेच, पंगतीला बसल्यासारखे.

"हे मेलेले का?"

"मेलेल्या जागा. डिस्क चांगली आहे, एवढाच भाग खराब आहे. आता सगळं बाहेर काढून घ्यायचं, डिस्क पूर्ण पुसायची, पुन्हा तपासायची आणि या जागांवर खूण करून ठेवायची. मग सगळं नव्यानं भरायचं."

"खूण कशाला?"

"पुन्हा तिथं काही लिहिलं जाऊ नये म्हणून. कॉम्प्युटर त्या जागा सोडून पुढं जातो."

अक्का बराच वेळ त्या बींकडे बघत राहिल्या. "म्हणजे सगळं टाकून द्यायचं नाही. जे सडलंय त्यावर परत काही ठेवायचं नाही, एवढंच."

"एवढंच."

"शहाणी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "माणसांत नाही ही."

मी सगळी माहिती फ्लॉपीवर उतरवून घेतली. एकीवर बसली, तरी मी दुसरी प्रत काढली, कारण मी सावध माणूस. एकीला काही झालं तर दुसरी आहे. मग त्या दोन्ही एकाच पिशवीत घातल्या. पिशवी केळीच्या वेफर्सची होती, मीच संपवलेली. घराला पत्रे, दुपारची वेळ, टेबलाला हात लावला तर भाजत होता. कोर्समध्ये सरांनी सांगितलं होतं, फ्लॉपीला उष्णता चालत नाही. त्या घरात थंड जागा एकच होती. मी फडक्याची वरची घडी उचलली, पिशवी घडीत सरकवली, वर ताटली ठेवली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन डिस्क पुसायला लावली.

पुसणं चालू झालं की पडद्यावर टक्के चढत जातात. अक्का म्हणाल्या, "शाळेत फळा पुसताना इतकं वाईट कधी वाटलं नाही." मी म्हटलं, काळजी करू नका, सगळं सुरक्षित आहे.

तेवढ्यात धुळ्याकडचे एक आबा आले. एसटीतून उतरून चालत आलेले, टोपी घामानं भिजलेली. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातले, मोलमजुरी आणि थोडी कोरडवाहू. त्यांची लेक दोन वर्षं पुस्तिकेत होती आणि दोन्ही वर्षं पाहायला आलेले लोक पोहे खाऊन गेले ते गेले.

"जय भीम, अक्का. मन्ही आंडेरनं काही जमी राहिनं का?"

"आधी पाणी. मग काय ते," अक्का म्हणाल्या आणि बोट कोपऱ्याकडे गेलं. मीही त्या बोटाकडे पाहिलं. पाहिलं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष टक्क्यांकडे होतं.

आबांनी ताटली आणि फडकं एकदम उचललं. पाणी घेतलं. एक पेला संपवला, दुसरा घेतला. मग माठात वाकून बघत, अगदी शांतपणे म्हणाले, "अक्का, माठमा काहीतरी शे."

ओगराळ्यात पिशवी वर आली. तिच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली होती.

"हाई काय शे?" आबांनी मला विचारलं.

उत्तर अक्कांनी दिलं. "तुमची लेक आहे त्यात, आबा. आणि बाकीच्यांच्याही."

मग माझ्याकडे वळून, "ते पुसणं थांबव."

"थांबवून उपयोग नाही, अक्का. माहिती सुरुवातीलाच पुसली जाते."

आबा एकदा पडद्याकडे, एकदा पिशवीकडे बघत होते. "मी ते पानी पिनू," ते म्हणाले. "मन्ही आंडेरनंच पानी."

हसावं की रडावं असा तो क्षण. अक्का हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या, स्वच्छ असलेला.

मी म्हटलं, वाळवून बघू. शेजारच्या बाईंनी आपल्या गच्चीवर चादर टाकून कुरडया घातल्या होत्या. मी कडेची जागा बघून फ्लॉपी उघडून त्यातली काळी चकती मोकळी ठेवली. शेजारीण आली, म्हणाली, "हे कसले पापड हो?" मी म्हटलं, माहितीचे. ती म्हणाली, "झाकून ठेवा, कावळे उचलतील." कावळ्यांनी उचलल्या असत्या तर निदान दोष त्यांचा झाला असता. तासाभरानं गेलो तर कुरडया उत्तम वाळल्या होत्या आणि फ्लॉपींना द्रोणासारखा बाक आला होता. फ्लॉपीला उष्णता चालत नाही, हे मी मघाशीच म्हटलं होतं ना? मीच म्हटलं होतं.

तरी एक चकती परत बसवून मशीनमध्ये घातली. घर्र घर्र झालं आणि पडद्यावर इंग्रजीत विचारणा आली. अक्कांनी वाचून मराठीत केली. "सोडून देऊ, पुन्हा बघू, की नापास?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नापास कोण ते आपल्याला माहीत आहे. पुढचं सांग."

फॉर्म भेळीत गेलेले, डिस्क कोरी, फ्लॉपींचे द्रोण. मेळावा पंधरवड्यावर. अध्यक्षांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी हातगाडी पाठवून यंत्र नेलं असतं. अक्कांनी कोपऱ्यातलं फोटोंचं पाकीट काढलं, पत्त्यांच्या डावासारखे गावागावाचे फोटो लावले. भुसावळचे इकडे, पहूर-जामनेरचे तिकडे, रावेर, मुक्ताईनगर, धुळे.

"डिस्क तयार कर तू," त्या म्हणाल्या. "खुणा नीट कर. आणि उद्या सकाळी स्टँडवर ये. सायकल नको."

मी दुकानात रजा टाकली. मालकानं कारण विचारलं. मी म्हटलं, डेटा रिकव्हरी. शब्द खोटा नव्हता.

पहूरला पहिलं घर. आम्ही बसलो, पाणी झालं. मुलीचे वडील मागच्या वेळी फॉर्म भरून गेले होते, तेच आताही सांगायला लागले. "लिहा, गृहकृत्यदक्ष. रंग निमगोरा." अक्का लिहीत होत्या. त्यांचं पेन 'निम'वर थांबलं. मुलगी आतल्या दारात उभी होती. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"दादा, एक काम करा. या पोराला गाव दाखवून आणा. हा कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे, याला जगातलं काही माहीत नाही."

मला आणि त्या दादांना असं बाहेर काढलं. आम्ही ग्रामपंचायतीपर्यंत जाऊन आलो. परत आलो तर अक्का चुलीपाशी बसून मुलीशी बोलत होत्या आणि मुलगी हसत होती. कागदावर 'गृहकृत्यदक्ष' नव्हतं. तिथं लिहिलं होतं: 'मला शिवणकाम येते. मला पहाटे उठायला आवडत नाही. नवरा गप्प बसणारा नको.'

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "अक्का, रंगाचा रकाना राहिला."

"राहिला का?" त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

पुढच्या सगळ्या घरांत तेच. आधी पाणी, मग मला आणि वडील-काका मंडळींना गावदर्शन. मी त्या दिवसांत खानदेशातल्या जितक्या ग्रामपंचायती, पाण्याच्या टाक्या आणि मारुतीचे पार बाहेरून पाहिले तितके एखाद्या तलाठ्यानंही पाहिले नसतील. मुलांच्या घरीही अक्का हेच करायच्या, मुलाला एकटं घेऊन विचारायच्या, "तुझ्या वडिलांनी 'सुस्वभावी' लिहिलं होतं. तू सांग." बहुतेक मुलं लाजायची. एक म्हणाला, "मी चिडतो, पण लवकर विसरतो." अक्कांनी ते तसंच घेतलं.

रावेरला आमची गाडी चुकली. पुढची दुपारनंतर. आमचं घर स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि डोक्यावर ते ऊन. घरी चला म्हणावं लागलं. म्हणालो, आणि म्हणता क्षणी मला तो पेला आठवला.

आमच्या ओट्यावर कोनाड्यात एक पेला असायचा. तुम्ही तशी घरं पाहिली असतील तर जास्त सांगायला नको. तो कोणासाठी, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तरी आम्हाला ठाऊक होतं. वस्तीतलं कोणी मजुरीला आलं की पाणी त्या पेल्यात, ओट्यावर.

माझे वडील झोक्यावर पेपर वाचत होते. मी ओळख करून दिली. कुठल्या, काय, ते त्यांना आडनावावरून कळलंच. आईनं आतून पाण्याचा तांब्या आणला. अक्कांनी हात पुढं केला नाही.

"माठ कुठंय, ताई?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "मी आपल्या हातानं घेते. सवय आहे."

झोका थांबला. वडिलांच्या हातातला पेपर सरळच होता, पण ते वाचत नाहीत हे मला कळत होतं. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होतो. माठ-प्रकरणांत मी त्या महिन्यात फार शूर राहिलो नव्हतो.

"या ना आत," आई म्हणाली. "ओगराळं वरच हाय. फक्त पाय जपा, आमचा माठ खालून झिरपते."

अक्का आत गेल्या. पाणी घेतल्याचा आवाज आला. मग दोघींचं काहीतरी बोलणं, आणि मग आईचा हसण्याचा आवाज, मोठा. मी जाऊन पाहिलं तर आई डोळ्याला पदर लावून हसत होती.

"काय रे," ती म्हणाली, "माठात बुडवल्या का तू पोरी?"

वडील बाहेरून म्हणाले, "चहा ठेव." चहा सगळ्यांना सारख्याच कपात आला, आणि पुढच्या वेळी मी घरी गेलो तेव्हा कोनाड्यात तो पेला नव्हता. कुठं गेला ते मी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही.

बसमध्ये अक्का खिडकीतून केळीच्या बागा बघत म्हणाल्या, "तुझी आई हुशार आहे. तू कोणावर गेलास?"

धुळ्याकडे आम्ही शेवटी गेलो. त्या आबांच्या गावात शिरलो तर रस्त्यावर पाच-सहा मुली एका सायकलच्या मागं धावत होत्या आणि एक सावळी, उंच मुलगी कॅरिअर धरून ओरडत होती, "म्होरे देख, म्होरे." हीच ती. माठातली.

तिनं हात धुतले आणि अक्कांसमोर येऊन बसली. आबा माझ्याबरोबर आपण होऊनच बाहेर निघाले, त्यांना आता पद्धत माहीत झाली होती. पण खिडकीतून मला ऐकू येत होतं.

"दोनदा लोक बघून गेले," अक्का म्हणाल्या. "काय म्हणाले?"

"काहीच नही. त्या बोलतस कोठे? पोहा खातस, मन्हा हातना रंग देखतस, आनि जातस."

"बरं. तू स्वतःबद्दल काय लिहू सांगतेस?"

तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "मी पोरीसले सायकल शिकाडस. आजवर कोनी पडनं नही. एक मन्हा भाऊ सोडीसन."

अक्का खळखळून हसल्या. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. परतीच्या बसमध्ये त्या पारोळा मागं पडल्यावर म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या काकांनी सगळं सांगितलं होतं, माझ्या वतीनं. मास्तर चांगले निघाले म्हणून ठीक." थोड्या वेळानं, "मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचत नाही. एवढं वय झालं."

मी गप्प बसलो. मी केलेल्या थोड्या बऱ्या गोष्टींपैकी ती एक.

डिस्क मी पुन्हा तपासली. बी आता नुसते दिसत होते, त्रास देत नव्हते. डॉस भरलं, मराठी अक्षरं भरली, अक्कांनी सगळं पुन्हा टाइप केलं, या वेळी तीन बोटांनी. मी एक प्रत फ्लॉपीवर काढली. अक्कांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत ठेवली.

पुस्तिका मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी छापून आली. सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी पुस्तिका उघडली, पानं पुढं-मागं केली, आणि अक्कांना बोलावलं. मी शेजारी उभा होतो, माइकची वायर धरून.

"बाई, रंगाचा रकाना कुठाय?"

अक्का म्हणाल्या, "ती जागा खराब निघाली."

"म्हणजे?"

"डिस्क तपासली. काही जागा सडलेल्या होत्या. तिथं खूण करून ठेवलीय, आता तिथं काही लिहिलं जात नाही. हा इंजिनिअर आहे, विचारा याला."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनीही. खोटं बोलायची पाळी माझ्यावर बरेचदा आली आहे, पण इतक्या आनंदानं मी कधी बोललो नाही.

"हो साहेब. बॅड सेक्टर."

"मग नवी डिस्क बसवा पुढच्या वर्षी," अध्यक्ष म्हणाले. "मंडळ देईल."

"बसवा," अक्का म्हणाल्या. "तिच्यातही मी तीच जागा खराब करून घेईन."

अध्यक्ष काही बोलणार होते, पण तोवर पुढच्या रांगेतल्या बायका पुस्तिका वाचून हसायला लागल्या होत्या. 'नवरा गप्प बसणारा नको' हे पान हातोहात फिरत होतं. मुलगे वाचत होते आणि वडिलांना चुकवून पुन्हा वाचत होते. सायकलवालीचं पान एका जळगावच्या शिक्षकानं फाडून, दुमडून खिशात घातलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला सायकल येत नव्हती, असं पुढं कळलं.

यंत्र अक्कांच्या घरीच राहिलं, आणि काम तर राहिलंच. पुढं डिस्क बदलली, मग कॉम्प्युटर बदलला, मी दुकान बदललं, शहर बदललं. अधूनमधून जळगावला गेलो की त्यांच्याकडे जायचो. बोट कोपऱ्याकडे जायचं आणि मी उठायला लागलो की त्या म्हणायच्या, "थांब, तू नको." आणि त्या घरात फक्त मला, एकट्याला, अक्का स्वतः उठून पाणी द्यायच्या.

अक्का गेल्याचं मला उशिरा कळलं. पुण्यानुमोदनाला पोचलो. दोन खोल्या माणसांनी भरलेल्या, बाहेर मांडव. बुद्धांच्या मूर्तीशेजारी अक्कांचा फोटो, चष्म्यावरून बघणारा. मला वाटलं, आता आत कोणी "आधी पाणी" म्हणणार नाही. कोपऱ्यात तिवई होती. तिवईवर माठ होता, ओलं फडकं, पितळेची ताटली. मी गर्दीतून वाट काढत तिकडे गेलो. ताटलीला हात घालणार तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं.

उंच, सावळी बाई. केस पांढरे व्हायला लागलेले. सायकल धरायची तशीच पकड. केंद्राचं काम आता तीच बघते, हे मला ठाऊक होतं.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "पाणी मी देते."

"अगं, अक्कांकडे आपल्या हातानं घ्यायचं असतं."

"हो. या माठाला सगळ्यांनी हात लावायचा, असं अक्का सांगून गेल्यात," ती म्हणाली. "तुम्ही सोडून."